पेडमध्ये गेलेला पट

मोटारींच्या शर्यतीतलं आमच्या आरमोरीत कुणाला काही कळत होतं, असं मी म्हणणार नाही. मलाही कळत नव्हतं. टीव्हीवर इंग्रजीत घसा कोरडा करणाऱ्या त्या दोघा साहेबांनाही फार कळत असावं असं मला कधी वाटलं नाही. गाडी पुढे गेली की पुढे गेली आणि मागे पडली की मागे पडली, एवढंच ते ओरडून सांगत. तरीही चार-पाच वर्षं शर्यतीच्या रविवारी आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची. मग कुण्या शहाण्याच्या डोक्यात आलं की फुकट दिसतं त्याला किंमत नसते, आणि त्यानं ती शर्यत उचलून पैसे भरणाऱ्यांच्या घरात नेऊन ठेवली. त्या शहाण्याला मी कधी पाहिलं नाही. भेटला असता तर दोन शब्द नक्की सुनावले असते. ते जमलं नाही म्हणून हे लिहिते आहे.

मी तेव्हा गावातल्या शाळेत शिकवत होते. वडील चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत, आई त्यांच्यासोबत, आणि मी आरमोरीला वडिलांच्या मोठ्या भावाच्या घरी. त्यांना मी मोठे बाबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्यावर हक्क गाजवायला दोघंही मोकळे होते.

मोठे बाबा तरुणपणी पटाचे धुरकरी होते. शंकरपट म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण पुण्याकडच्या वाचकांची सोय म्हणून सांगते : बैलांच्या जोड्यांची शर्यत. हलक्या गाडीवर उभं राहून जोडी हाकतो तो धुरकरी. भात घरात आलं की हिवाळ्यात गावोगाव पट भरतात. दिवसा पट, रात्री नाटक. पटाला आलेला पाहुणा कुणाच्याही घरी जेवतो, कुणी कुणाला ओळख विचारत नाही. पट पाहायला तिकीट नसतं. तिकीट असतं ते रात्रीच्या नाटकाला. जवळच्या वडसा गावची नाटक मंडळी येते, चारी बाजूंनी पडदे लावून मंडप बंद करते, आणि दारावर तिकीट फाडते. बिनतिकिटाचा कुणी मंडपात सापडला तर वर्षभर त्याला गावात चिडवतात. पट सगळ्यांचा आणि नाटक तिकिटाचं, हा फरक आमच्या लोकांच्या हाडात मुरलेला आहे. तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एका पटात मोठ्या बाबांची गाडी उलटली आणि चाक गुडघ्यावरून गेलं. पाय वाचला, पण वाकायचा कायमचा थांबला. जोडी विकली. सुरुवातीला लोक भेटायला आले, हळहळले, चहा पिऊन गेले. नंतर कुणी फिरकेना. ज्या माणसाला अंगणात उभं राहून दहा जण सल्ला विचारत, तो ओसरीतल्या खाटेवर पडून छपराचे कवेलू पाहू लागला. जवळच्या गावात पट भरला की दार लावून घ्यायचा. म्हणायचा, धूळ येते. धूळ कसली येते, डोंबलाची.

अशात गावात केबल आली. केबलवाला म्हणजे आधीचा व्हिडिओवाला. कुडाच्या खोलीत दिवसा देवाधर्माचे सिनेमे दाखवायचा आणि अंधार पडला की कुठले दाखवायचा ते विचारू नका. आता तो एकदम इज्जतदार झाला. त्यानं कडुनिंबावरून चिंचेवर, चिंचेवरून मोहाच्या झाडावर अशा वायरी टाकून अख्खं गाव जोडलं. वांदरांनी वायरीला झोका घेतला की अर्ध्या गावाचा टीव्ही जायचा. मी पगारातून टीव्ही घेतला तो मोठ्या आईच्या हट्टानं. मोठे बाबा त्याच्याकडे ढुंकून पाहत नसत. नव्या जावयासारखे फुगून बसत.

एका रविवारी संध्याकाळी मी वह्या तपासत होते आणि टीव्हीवर कुठलंतरी चॅनेल लागून राहिलं होतं. खाटेवरून आवाज आला, "हा कोनत्या गावचा पट होये वं?"

पाहते तर मोठे बाबा कोपरावर उठून बसलेले. पडद्यावर मोटारी धावत होत्या. चित्रात मुंग्याच जास्त होत्या, त्या मुंग्यांतून एक तांबडी गाडी जीव खाऊन पळत होती.

मी म्हटलं, "पट नाही मोठे बाबा, मोटारींची शर्यत आहे. परदेशात."

"मंग पटच झाला ना," ते म्हणाले. "बैल नसन तं नसन."

त्या दिवशी ते शेवटपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाऊंना बोलावून सांगितलं की टीव्हीत पट भरते. शेजारचे भाऊ तलावात मासे धरायचे. पटाच्या काळात हेच मोठ्या बाबांच्या जोडीला धरून मैदानात न्यायचे. पुढच्या शर्यतीला ते आले, त्यांच्यासोबत तिघं आले, आणि मग येतच गेले. दार उघडंच असायचं. कुणी सतरंजीवर, कुणी उंबऱ्यावर, ज्यांना आत जागा नाही ते खिडकीच्या गजांना धरून उभे. गाड्यांची नावं कुणाला येत नव्हती, आणि यावीत अशी कुणाची इच्छाही नव्हती. तांबडी ती तांबडा, चांदीच्या रंगाची ती पांढरा. निळ्या गाडीवरून बरेच दिवस वाद चालला, कारण निळा बैल नसतो. शेवटी मोराच्या रंगावरून तिला मोऱ्या ठरवलं. हा निर्णय मोठ्या बाबांचा. सगळे निर्णय त्यांचेच. गाडी मधेच चाकं बदलायला थांबली की ते मान हलवून म्हणत, "पटात चाक बदलाले थांबला असता तं बायका हसल्या असत्या." लोक हसायचे, मग विचारायचे, "दादा, आता काय होईन?" आणि मोठे बाबा जरा वेळ लावून उत्तर द्यायचे. पंचाला वेळ लावावा लागतो.

मला त्या गोल गोल फिरण्याचा कंटाळा यायचा. पण दर शर्यतीला मोठे बाबा दाढी करून, धुतलेली बंडी घालून बसायचे, ते पाहायला मला आवडायचं. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा ते कुणाची तरी वाट पाहत होते.

मग एका रविवारी टीव्ही लावला तर शर्यतीच्या जागी निळा पडदा. मी परीक्षेच्या कामानं शाळेत होते. मोठ्या बाबांनी शेजारच्या भाऊंना केबलवाल्याकडे पिटाळलं. केबलवाला जेवत होता. तोंडात घास ठेवूनच त्यानं सांगितलं, "ते चॅनेल आता पेडमध्ये गेलं." भाऊंनी तो निरोप जसाच्या तसा आणला, "पेडमध्ये गेलं म्हन्ते."

आता आमच्याकडे माणसं घरात मराठी बोलतात आणि ठेकेदाराशी, रेंजरशी, बसमध्ये हिंदी. पेड म्हणजे झाड, हे शेंबडं पोरही सांगेल. वायरी झाडांवरूनच आलेल्या. म्हणजे चॅनेल झाडात अडकलं. मोठ्या बाबांनी विचारलं, "कोनत्या पेडात?" ते तर विचारायचं राहूनच गेलं होतं. मग काय, भाऊ कडुनिंबावर चढले, दुसरा एक चिंचेवर चढला, आणि खालून मोठे बाबा काठी उंचावून सांगू लागले, इकडून ओढ, तिकडून हलव. त्यांनी हलवली, ओढली, आणि व्हायचं तेच झालं, वायर तुटली. सगळ्या गल्लीचे टीव्ही गेले. मी शाळेतून परत आले तेव्हा गल्लीतल्या बायका कमरेवर हात ठेवून झाडाखाली उभ्या, आणि झाडावर भाऊ, उतरायची हिंमत होत नसलेले.

आजही ही गोष्ट सांगितली की लोक पोट धरून हसतात. हसा. पण मला विचाराल तर त्या झाडावरच्या माणसानं जो अर्थ लावला त्यात निदान काही अक्कल होती. वस्तू झाडात अडकली तर माणूस चढून काढू शकतो.

सोमवारी मी केबलवाल्याला गाठलं.

"मॅडम, पेड म्हणजे पैशेवालं," तो म्हणाला. "कंपनी वरून घरामागं पैशे मांगते."

"मग दर महिन्याला आमच्याकडून घेता ते कशाचे? नवसाचे?"

"ते वायरीचे."

"ती झाडांवरची वायर?"

त्यानं तो विषय सोडला. "पाहनारे कोन, तं तुमच्या घरचे चार म्हातारे. त्याइच्यासाठी मी सगळ्या गावाचे पैशे भरू? लेडीज लोकायले सिरियल पायजे. शर्यत कोन्या बाईले पायजे, सांगा बरं."

"मला पाहिजे," मी म्हटलं. "मी बाई नाही का?"

त्यानं वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. शर्यत मात्र गेली ती गेलीच, आणि तिच्या जागी सासवा-सुनांचं आणखी एक चॅनेल आलं. भारी साड्या नेसून स्वयंपाकघरात एकमेकींकडे डोळे वटारणाऱ्या बाया. त्या फुकट दाखवायला कंपन्यांना परवडत होत्या.

वर्तमानपत्रात कुणी जाणकार लिहायचे की आता प्रेक्षकाला निवडीचं स्वातंत्र्य मिळणार. काल जे उघड्या दारानं घरात येत होतं त्याला कुलूप लावायचं, किल्ली विकायला ठेवायची, आणि याला स्वातंत्र्य म्हणायचं. मी नागरिकशास्त्र शिकवायची. माझ्या पुस्तकात हे स्वातंत्र्य नव्हतं. त्या जाणकारांपैकी एकाच्याही ओसरीत रविवारी शेजारी बसत असतील असं मला वाटत नाही. ज्याच्या घरी कुणी येत नाही त्यालाच घरामागे पैसे मागायची कल्पना सुचते.

त्यानंतरच्या एक-दोन रविवारी माणसं सवयीनं आली. मोठ्या बाबांनी जुन्या शर्यती तोंडानं सांगितल्या, तांबड्यानं कसा पांढऱ्याला कोपऱ्यात दाबला वगैरे. पण तोंडचा पट किती दिवस चालणार? एकाचं शेत, एकाची मासळी, एकाची सासुरवाडी, असं करत सगळे गळाले. वाईट कुणीच नव्हतं. निमित्त गेलं की माणूस जातो, एवढंच. मोठे बाबा परत खाटेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजू लागले. मोठी आई मला म्हणाली, "पाय मोडला तवा असेच होते." मला शर्यतीचं सोयरसुतक नव्हतं. तांबडा जिंको की मोऱ्या, माझ्या बापाचं काही जात नव्हतं. पण त्या माणसाभोवती पुन्हा माणसं बसावीत, एवढं मला हवं होतं, आणि त्यासाठी त्या मेल्या कंपनीला पैसे द्यायचीही माझी तयारी झाली.

ते व्हायला दोन-तीन वर्षं गेली. मग छत्री निघाली. छतावर लावायची ती गोल थाळी, तिला सगळे छत्रीच म्हणायचे. मी पैसे भरले आणि वडशाहून माणूस आला. पायात बूट, खिशाला पेन, आणि नाकानं कांदे सोलण्याची जुनी सवय. शिडी धरायला शेजारचे भाऊ उभे होते. छत्री बसली, टीव्हीखाली एक डबा बसला, आणि त्यानं त्या डब्यात एक कार्ड सरकवलं. मोठ्या बाबांनी विचारलं, हे काय?

म्हाताऱ्याला समजेल असं सांगायचं म्हणून तो म्हणाला, "बाबाजी, हे तुमचं तिकीट समजा. हे असलं तरच दिसते, नाहीतर बंद."

एवढं एकच वाक्य तो सोप्या भाषेत बोलला, आणि त्याच वाक्यानं घात केला. पण ते मला त्या दिवशी कळलं नाही.

चित्र काय सुंदर, विचारू नका. मुंगी नाही, थरथर नाही. मोठ्या बाबांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "अवं, तांबड्याच्या अंगावर तं अक्षरं हायेत." इतकी वर्षं त्यांना वाटलं होतं की ते ठिपके आहेत, बांड्या बैलाच्या अंगावर असतात तसे.

हंगाम संपत आला होता. पुढच्या रविवारची शर्यत जपानकडची, म्हणजे आपल्याकडे सकाळीच. ती जिंकली तर तांबड्याला वर्षाचा मान मिळणार, असं काहीतरी होतं. मोठ्या बाबांनी आदल्या दिवशीच काठी टेकत सगळ्या गल्लीला आवतण दिलं. पाय मोडल्यापासून ते स्वतःहून कुणाच्या दारात गेले नव्हते. रविवारी पहाटेच दाढी झाली. सतरंज्या अंथरल्या. मोठ्या आईनं भज्यांचं पीठ भिजवलं आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं. शर्यत सुरू झाली.

कुणी आलं नाही.

मोठे बाबा म्हणाले, "आवाज वाढव." मी वाढवला. गाड्यांच्या आवाजानं खिडकीची काच थरथरू लागली. मग म्हणाले, "दार उघडं हाये ना?" उघडंच होतं. मोठी आई भज्यांची परात घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली. जरा वेळानं मोठे बाबा पडद्याकडे पाहतच म्हणाले, "पाहून ये वं जरा."

सगळे शेजारच्या भाऊंच्या ओट्यावर बसले होते. पाच-सहा जण, काही काम नसलेले, आमच्या खिडकीकडे तोंड करून. मला पाहून सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी विचारलं, "भाऊ, काऊन आले नाही? मोठे बाबा वाट पाहून राह्यले."

भाऊ म्हणाले, "नाई जी बाई. तिकीट तुमच्या घरचं हाये. आमी कसं येऊ?"

"कसलं तिकीट?"

"माह्यासमोर तं टाकलं ना त्यानं डब्ब्यात. घरामागं एक. आमचं कोनी काहाडलं नाई." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "अन् त्या छत्रीतून कंपनीले दिसते म्हन्तेत, कोन कोन बसलं ते. उद्या तुमच्यावरच यायचं."

मी समजावून सांगितलं. कार्ड म्हणजे तिकीट नव्हे, छत्री कुणाला पाहत नाही, घरात शंभर माणसं बसली तरी कुणाच्या बापाचं काही जात नाही. त्यांनी ऐकून घेतलं, बाईचा मान म्हणून माना हलवल्या, आणि कुणी जागचं हललं नाही. भाऊ आयुष्यात कधी बिनतिकिटाचे मंडपात शिरले नव्हते. आमच्या दारात शिरले असते तर त्यांच्या दृष्टीनं ते पहिल्यांदाच फुकटे झाले असते, आणि तेही मित्राच्या घरात. जो पट होता त्याचं नाटक झालं होतं. एवढं साधं त्यांना कळलं होतं, आणि एम.ए. बी.एड. करून मी त्यांना समजावत होते की नाही हो, तो अजून पटच आहे.

छत्रीतून कंपनी पाहते म्हणणाऱ्याला अडाणी म्हणू नका. जमलं असतं तर तिनं पाहिलंच असतं, आणि डोकी मोजून पैसे लावले असते.

मी परत येऊन मोठ्या बाबांना जे होतं ते सांगितलं. खोटं बोलून काय करणार, ओटा खिडकीतून दिसत होता. पडद्यावर तांबडा पुढे होता, एकटाच, मागे कुणी नाही. मोठ्या बाबांनी तो एक-दोन फेरे पाहिला. मग काठी घेतली, कसेबसे उठले आणि दाराबाहेर पडले.

मोठी आई म्हणाली, "अजी, अर्धा राह्यला ना तुमचा पट."

"एकट्यानं काय पाहू?" ते म्हणाले आणि अंगण ओलांडून गेले.

ओट्यावर त्यांना जागा करून दिली. कुणीतरी तंबाखू पुढे केली. मोठ्या आईनं भज्यांची परात उचलली आणि तिकडे नेऊन ठेवली. भज्यांना तिकीट नव्हतं, ती सगळ्यांनी खाल्ली. आमच्या खिडकीतून गाड्यांचा आवाज येत होता, आणि मोठे बाबा मान वाकडी करून तो ऐकत होते. "हा पांढरा गेला," ते म्हणाले. "हा कोपरा होये, आता आवाज दबन." आवाज दबला. लोक म्हणाले, वा दादा.

मला चैन पडेना म्हणून मी आत गेले. रिकाम्या सतरंज्या, आणि पडद्यावर ते सुंदर, स्वच्छ, पैसे भरलेलं चित्र. तांबडी गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. तिच्या मागून पांढरा धूर निघत होता आणि आत बसलेला माणूस हातमोजे काढत खाली उतरत होता. बाकीच्या गाड्या त्याच्या शेजारून निघून जात होत्या. ते दोघे साहेब इंग्रजीत कळवळून ओरडत होते. एवढं महागाचं दुःख पाहायला त्या घरात मी एकटी होते.

मी बाहेर आले. ओट्यावर भाऊ विचारत होते, "आता कोन पुढं हाये?"

मोठ्या बाबांनी वेळ घेतला. डोळे मिटून आवाज ऐकला. पाच-सहा माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"तांबडा," ते म्हणाले. "दुसरा कोन राह्यते?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी आतून आले होते, तिकिटाची होते.

"होये ना बाई?"

मी म्हटलं, "होय. तांबडाच."